साउंडचे दादा

नाटकाच्या जाहिरातीत लेखक असतो, दिग्दर्शक असतो, नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा, रंगभूषा, सूत्रधार असतात. हल्ली समाजमाध्यमं सांभाळणाऱ्याचंही नाव असतं. साउंडच्या दादांचं नसतं. प्रयोग संपल्यावर कलाकार रांगेत उभे राहून नमस्कार करतात तेव्हा कुणीतरी लाइटवाल्याकडे हात करून त्याच्यासाठी टाळ्या मागतं. दादांची आठवण होते ती प्रयोग चालू असताना, आणि तीही बाल्कनीला. ‘आवाऽऽज!’ अशी एक आरोळी येते आणि सातआठशे माना एकदम दादांच्या काचेकडे वळतात. दादांच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी ती एवढीच.

दादांचा सगळा स्वभाव या आरोळीनं घडवलेला आहे. ‘आवाज कमी करा’ असं भर प्रयोगात ओरडणारा प्रेक्षक मराठी मुलखात अजून जन्माला यायचाय. ज्याच्या कानठळ्या बसतात तो सभ्य असतो. तो कपाळाला आठ्या घालतो, बायकोकडे बघतो, कानाशी उगाच खाजवल्यासारखं करून बोट आत ठेवतो आणि घरी जाताना रिक्षात बोलतो. ज्याला ऐकू येत नाही तो मात्र तिकिटाचे पैसे वसूल करायला तिथल्या तिथे उठून उभा राहतो. वर्षानुवर्षं असा एकतर्फी कौल मिळाल्यावर माणूस दुसरं काय करणार? दादांनी फेडर वर सरकवला. पुढे तो खाली आणायचं काही कारण घडलं नाही.

दादा तुम्हाला मुंबईत भेटतील, पुण्यात भेटतील, दौऱ्याच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर केबलच्या भेंडोळ्यांशेजारी झोपलेले भेटतील. चेहरा बदलेल, मिशी बदलेल; शर्टाच्या खिशातला टेस्टर आणि बोटाला चिकटलेला काळ्या टेपचा तुकडा बदलणार नाही. त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. नट ‘दादा’ म्हणतात, दिग्दर्शक ‘साउंड!’ म्हणतो, निर्माता ‘अरे ए’ म्हणतो.

त्यांची बैठक एकदा जवळून बघण्यासारखी आहे. समोर सोळा चॅनलचा मिक्सर. फेडरखाली पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करनं लिहिलेलं: आई, सासरा, हिरो, ती, फोन, पाऊस. ‘आई’च्या खाली खोडलेला ‘वकील’ दिसतो, कारण मागच्या नाटकाची पट्टी काढायची राहून गेली आहे. शेजारी लॅपटॉप, त्यात दाराची बेल, पाळण्यातलं बाळ, ॲम्ब्युलन्स, आणि ‘टेन्शन १’ ते ‘टेन्शन ९’ नावाचे नऊ ट्रॅक. ॲम्प्लिफायरवर चहाचा ग्लास, कारण तिथे तो गरम राहतो. फेडरला एक शून्याची रेघ असते. मिक्सर बनवणाऱ्याच्या मते साधारण तिथे थांबावं. दादांच्या मते तिथून सुरुवात.

पुढे काच. ही काच म्हणजे अर्ध्या गोंधळाचं मूळ आहे. लंडनच्या वेस्ट एंडला संगीतिका असली की साउंडवाल्याचं टेबल प्रेक्षकांतच, खालच्या मजल्यावर मागच्या रांगांशी मांडतात. लोक जे ऐकतात तेच त्यानं ऐकावं, एवढा साधा विचार. आपल्याकडे त्या खुर्च्यांचं बुकिंग होतं आणि दादा जातात काचेमागे. पुढल्या रांगेत काय प्रलय चाललाय हे त्यांना एका फटीतून कळतं. त्या फटीतूनही जोरात ऐकू येईल इतका आवाज ते ठेवतात, आणि मग पहिल्या पाच रांगांतली मंडळी काय भोगतात ते त्यांच्या कर्माचं.

दादांचं शिक्षण कर्ण्याखाली झालं. चौदाव्या वर्षी मामाच्या ‘मंडप, डेकोरेटर्स अँड लाउडस्पीकर सर्व्हिस’मध्ये ते लागले. आंब्याच्या झाडाला कर्णा बांधायचा, खाली आहुजाचा ॲम्प्लिफायर, आणि वऱ्हाड शिवेवर आलं की तिथे सनई ऐकू गेली पाहिजे, ही परीक्षा. मामा सायकलवरून शिवेपर्यंत जाऊन हात वर करायचा. हात दिसला की पास. पुढे कॅसेटी आल्या, सीडी आल्या, लॅपटॉप आला, शिवेच्या जागी शेवटची रांग आली, पण परीक्षा तीच राहिली. चांगला आवाज म्हणजे लांब जाणारा आवाज. जवळच्या माणसाचं काय, हा प्रश्न त्या विद्येत नव्हताच. वधूपित्याला काय ऐकू येतंय हे मामानं कधी विचारलं नव्हतं.

मधे एकदा मी त्यांना जुन्या काळाची गोष्ट सांगून बघितली. ८ जुलै १९२१ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. माइक नावाची चीज अजून नाटकात यायची होती. ऑर्गन, तबला, सारंगी आणि दोन गळे, एवढ्यावर खचाखच भरलेलं थिएटर डोलत होतं. दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “एसी होता?”

नव्हता.

“मोबाइल होते? बाल्कनीत वेफर्सची पाकिटं?”

नव्हती.

“आणि ते लोक दिवसभर सिरियल करून येत होते?”

या तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण दादा इथे खरं बोलत होते. मालिकेच्या सेटवर माइक नटाच्या ओठांपासून वीतभर असतो. तिथे कुजबुज हेच बोलणं. तो नट रात्री साडेआठला नाट्यगृहात येतो आणि तीच कुजबुज रंगमंचावर ठेवतो. त्यातून वाक्याचा शेवट गिळायची नवी पद्धत. इंग्रजाचं एक वेळ भागेल, आपलं सगळं मर्म शेवटी असतं. ‘मी तुझ्याशी लग्न करणार नाही’ या वाक्यातला ‘नाही’ छातीवरच्या माइकलाही ऐकू जात नाही. दादा मग इमानानं राहिलेलं वाक्य मोठं करतात. ‘मी तुझ्याशी लग्न करणार’ हे चारही कोपऱ्यांतून दणदणत येतं, आणि नायिका का रडतेय हे मध्यंतरापर्यंत कुणाला कळत नाही.

मराठी रंगभूमीवर या प्रकरणाची दोन्ही टोकं ज्याला ठाऊक होती असा एक माणूस होऊन गेला. डॉ. श्रीराम लागू मूळचे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. १९६९मध्ये डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले आणि पुढे ‘वाचिक अभिनय’ नावाचं पुस्तकच लिहिलं. कान आतून पाहिलेला माणूस बोलायचं कसं यावर लिहितो, म्हणजे नटांनी ते उशाशी घेऊन झोपावं. सत्यदेव दुबे तर वाक्य नीट न म्हणणाऱ्या नटाची तालमीत जी हजेरी घेत, तिच्या आठवणी त्यांचे शिष्य अजून हौसेनं सांगतात. पण उच्चार सुधारायला वर्षं लागतात आणि फेडर सरकवायला एक बोट. निर्मात्याला कुठलं परवडेल?

आता आवाज चढतो कसा तेही बघा. रंगीत तालमीला नटी म्हणते, “दादा, माझा थोडासा वाढवा ना, मला मीच ऐकू येत नाहीये.” संगीतकार पाठीमागून येतो, “दादा, पार्श्वसंगीत थोडंसं वर घ्या, मेहनत दिसली पाहिजे.” संगीत चढलं की संवाद बुडतात, म्हणून दिग्दर्शक अंधारातून ओरडतो, “संवाद थोडेसे पुढे!” दादांच्या बोटाचं ‘थोडंसं’ म्हणजे साधारण तीन डेसिबल. आणि तीन डेसिबल चढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. तीन सभ्य माणसांनी एकेकदा थोडंसं मागितलं की तालमीच्या पहिल्या दिवशीपेक्षा आठपट झाली, आणि अजून निर्माता आलेला नाही. निर्माता शुभारंभाच्या प्रयोगाला शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभा असतो. तो काही बोलत नाही, फक्त अंगठा वर करून हवेत उडवतो.

यात कॉलर माइकची एक स्वतंत्र कथा आहे. पूर्वी रंगमंचाच्या कडेला फूट माइक असत आणि वर टांगलेले. फूट माइकचा दोष असा की नायिका हलक्या पावलांनी येते असं नाटककारानं लिहिलेलं असलं तरी पावलं ऐकू यायची ती हत्तीची. म्हणून माइक अंगावर आला, पदराखाली, नाहीतर केसांच्या रेघेशी मेडिकल टेपनं चिकटवलेला. तो सगळं ऐकतो: बांगड्या, मंगळसूत्र, आवंढा. कौटुंबिक नाटकात शेवटी आईनं मुलाला मिठी मारली की छातीवरचे दोन माइक एकमेकांवर आदळतात, ‘धप्प!’ असा आवाज होतो, आणि त्यानंतरचं ‘बाळा’ हे हंड्यात तोंड घालून म्हटल्यासारखं येतं. पहिल्या रांगेतली एक बाई दचकते. मागच्या रांगेला वाटतं, आईनं मारलं.

कानाचं जे शास्त्र आहे ते दादांच्या विरुद्ध आहे, पण दादांना तसं वाटत नाही. जोराच्या आवाजात तासभर काढला की कान दमतो, तात्पुरता जडावतो. पहिल्या अंकात जे ठीक वाटत होतं ते दुसऱ्या अंकात कमी भासू लागतं. प्रेक्षकाचा कान दमतो आणि दादांचाही दमतो, फरक एवढाच की फेडर दादांच्या हातात आहे. म्हणून दुसरा अंक पहिल्यापेक्षा नेहमी मोठा. प्रेक्षकाचा कान सकाळपर्यंत पूर्वपदावर येतो. दादांच्या कानाला इतक्या वर्षांत तशी सकाळच मिळालेली नाही. रोज प्रयोग, शनिवार-रविवारी दोन. आतल्या कानाच्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि गोंगाटानं आधी जातात त्या वरच्या सुरांच्या, चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या. दादांना स, श, त, फ ही अक्षरं आता नीट येत नाहीत. मग ते काय करतात? ट्रेबल वाढवतात. प्रेमप्रसंगात नायकानं ‘शशी’ अशी हाक मारली की तिसऱ्या रांगेत सुरी चालते. दादा काचेमागे मान डोलावतात. आता कसं क्लिअर आहे!

हिशेब तसा सोपा आहे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था सांगते, ८५ डेसिबलमध्ये दिवसाला फार तर आठ तास काढावेत; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, आणि १००ला जेमतेम पाव तास. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांना ९०ची मर्यादा आहे. करमणुकीच्या जागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२मध्ये शिफारस केली की पंधरा मिनिटांची सरासरी १००च्या वर जाऊ नये. राहता राहिला आपला ध्वनिप्रदूषणाचा नियम, २००० सालचा. दादांना त्यातलं एकच कलम पाठ आहे, पण ते अगदी तोंडपाठ: रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, मात्र बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापरायला हरकत नाही. “गणपतीत मंडपात दहाच्या ठोक्याला पोलीस यायचे,” दादा सांगतात. “काय ते टेन्शन! इथे दार लावलं की आपलं राज्य.”

तक्रारी येत नाहीत असं नाही. मध्यंतरात येतात, वड्याबरोबर. आणि तिथे दादांची खरी कला आहे. मिक्सरचं चौदावं चॅनल कशालाच जोडलेलं नाही. वायर नाही, माइक नाही, काही नाही. पट्टीवर तिथे ‘साहेब’ असं लिहिलेलं आहे, कारण मुळात ते निर्मात्यासाठी राखून ठेवलं होतं. निर्माता वर येऊन “जरा वाढव रे” म्हणाला की दादा चौदावा फेडर दोन बोटांनी, अगदी जपून, केसभर सरकवायचे. निर्माता डोळे मिटायचा, ऐकायचा आणि म्हणायचा, “हां, आता आली मजा.” ही युक्ती दादांनी शोधलेली नाही, जगातल्या सगळ्या साउंडवाल्यांकडे असला एक मुका फेडर असतो असं म्हणतात. दादांचं मोठेपण असं की त्यांनी तो जनतेसाठी खुला केला.

एका मध्यंतराला मी तिथे उभा होतो. एक काकू जिना चढून आल्या.

“अहो दादा, आमच्या ह्यांच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतंय. जरा कमी करता का?”

“करतो की काकू.” चौदावा फेडर सर्रकन खाली. “आता बघा.”

“काढून ठेवू का म्हणत होते ते. पण काढलं की म्हणतात ऐकू येत नाही, आणि घातलं की म्हणतात ओरडतायत कशाला.”

काकूंचे यजमान बिचारे खरं तेच सांगत होते. वय झालेल्या कानाला हळू ऐकू येत नाही आणि मोठं सोसत नाही. मधली पट्टी अगदी अरुंद उरते. त्याला हवी असतात स्पष्ट व्यंजनं, मिळतात सुजलेले स्वर. आणि मराठी नाटकाच्या पहिल्या दहा रांगांत बसतं कोण? हेच कान. घरी दोघं नातवंडांशी या विषयावर भांडतात आणि इथे पाचशे रुपये देऊन तेच भांडण ऐकतात.

काकू समाधानानं उतरल्या. त्यांच्या मागोमाग एक तरुण. “काका, शेवटच्या रांगेत काहीच येत नाहीये.” चौदावा फेडर वर. “थँक यू काका.” तोही खूश. पाच मिनिटांत परस्परविरोधी दोन मागण्या एकाच फेडरवर मान्य झालेल्या मी विधिमंडळातही ऐकलेल्या नाहीत.

दादांना स्वप्न पडतं ते ‘जाणता राजा’चं. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं ते महानाट्य १९८५ साली सुरू झालं. मैदानावर हत्ती, घोडे, उंट, शेकडो माणसं, आणि संवाद सगळे आधीच ध्वनिमुद्रित. दादांनी ते उभं राहून पाहिलंय आणि त्यांचे डोळे पाणावलेत. महाराजांसाठी पाणावलेच, पण त्याबरोबर आणखीही एका गोष्टीसाठी. “एकही नट वाक्य खाऊ शकत नाही,” ते म्हणाले. “माणूस फक्त हात हलवणार. आवाज सगळा आपल्याकडे!”

त्याच मध्यंतरात तिसरे एक गृहस्थ वर आले. पांढरा झब्बा, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, हातात मोबाइल पुढे धरलेला. असे एक आजकाल प्रत्येक प्रयोगाला असतात. निवृत्तीनंतर त्यांना मोजायला काहीतरी लागतं. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप होतं. त्या ॲपवर फार विसंबू नये, दोन फोन शेजारी धरले तर दोन आकडे दाखवतात. पण गृहस्थांचा निर्धार पक्का होता.

“हे बघा,” ते म्हणाले. “वडील जातात तो प्रसंग. पार्श्वसंगीताच्या दणक्याला शहाण्णव! मी चौथ्या रांगेतून घेतलंय. तारीख-वेळेसकट.”

दादांनी फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. आकडा नीट वाचला. त्यांच्या कामाची कुणी अशी मोजून नोंद घेतल्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला आणि त्यांनी चहाचा ग्लास बाजूला ठेवला.

“शहाण्णव?”

“शहाण्णव.”

“म्हणजे शंभरला चार कमी पडले,” दादा म्हणाले. आवाजात खरीखुरी दिलगिरी होती. “सॉरी हां काका. पहिला अंक जरा हातातून गेला. दुसऱ्यात भरून काढतो.”

आणि या वेळी हात चौदाव्यावर गेला नाही.